एकाच घरात एकच नाव : हाक, औषध आणि कागद यांतला गोंधळ टाळण्याची रीत

आमच्या घरात दोन विनायक आहेत आणि मी त्यांच्या मधला गणेश आहे. वडिलांचे नाव विनायक गणेश. माझ्या आजोबांचे नाव मला ठेवले म्हणून मी गणेश विनायक, आणि माझ्या मुलाला त्याच्या आजोबांचे नाव ठेवले म्हणून तो पुन्हा विनायक गणेश. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ती लागोपाठ दोन पिढ्या पाळली, की आजोबा आणि नातू यांचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तंतोतंत एक होते, हे बारशाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नाही. त्यात भर म्हणून आम्ही कुत्र्याचे नाव राजा ठेवले आणि मे महिन्यात बहिणीचा मुलगा राहायला आला, ज्याचे घरगुती नावही राजाच होते.

दोन जावा अश्विनी, दोन जावई सचिन, घरमालकीण आणि कामाला येणाऱ्या बाई दोघी लक्ष्मी, गोठ्यातली गाय गौरी आणि घरातली मुलगीही गौरी, असे प्रसंग ज्यांच्या घरी आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. यांतल्या बहुतेक घरांत कोणाचेही खरे नाव बदलण्याची गरज पडत नाही. गोंधळ नेमका कुठे होतो ते आधी शोधावे लागते, कारण हाकेतला गोंधळ, औषधांतला गोंधळ आणि कागदावरचा गोंधळ यांचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिली पायरी : आठवडाभर टिपण ठेवा

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आठ दिवस एवढेच लिहावे, की नावामुळे आज कोणाची गैरसमजूत झाली आणि कशात झाली. एका हाकेला दोघांनी ओ दिली, कोणीच ओ दिली नाही, फोन भलत्यालाच लागला, पार्सल भलत्यानेच फोडले, डबा भलत्याच दप्तरात गेला. आमच्या टिपणात हाकेपेक्षा फोन आणि औषधे यांच्या नोंदी जास्त निघाल्या. ज्यावर आम्ही रोज हसत होतो ती अडचण किरकोळ होती आणि जिच्याकडे दुर्लक्ष करत होतो ती गंभीर होती.

या टिपणात तंतोतंत एक असलेल्या नावांबरोबर सारख्या ऐकू येणाऱ्या नावांचाही समावेश करावा. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा सहसा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात आणि स्वर मात्र बराच काळ नीट ऐकू येतात. त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या आजीला मीना, वीणा आणि नीता ही तीन नावे जवळजवळ एकच वाटू शकतात, कारण तिन्हींत ई आणि आ हेच स्वर त्याच क्रमाने येतात. हाकेचे नवे नाव निवडताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी : हाकेचे नाव ठरवा, पण ज्याचे त्याला विचारून

मराठी घरांत हाकेच्या नावांची सोय मुळातच मोठी आहे. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे, बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव वेगळे, शाळेतले नाव वेगळे आणि घरात बाळ्या, बंड्या, छकुली असे चौथे, हे पूर्वी अगदी सामान्य होते. त्यावर अण्णा, अप्पा, तात्या, नाना, बापू, भाऊ, आबा, अक्का, माई, ताई, जिजी ही नावे असत, जी नात्यावरून सुरू होऊन पुढे त्या माणसाला कायमची चिकटत. माझ्या आईने माझ्या मुलाला आयुष्यात एकदाही विनायक म्हणून हाक मारली नाही. नवऱ्याचे नाव तोंडी यायला नको म्हणून ती त्याला बाळू म्हणे आणि तो तिच्यापुरता बाळूच राहिला. नाव न घेण्याच्या त्या जुन्या रिवाजाचे समर्थन मला करायचे नाही, पण आमच्या घरातला निम्मा गोंधळ त्याने आपोआप मिटवला होता, हेही खरे आहे.

नाव कोणी सोडायचे, हा प्रश्न येताच बहुतेक घरांत सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाकडे बोट जाते. नव्या सुनेचे नाव सासूच्या किंवा नणंदेच्या नावाशी जुळले, की लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात दुसरे नाव लिहून प्रश्न मिटला असे मानले जाई. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला त्याचे नाव काहीही असो, रामा म्हणण्याची पद्धत इतकी रुळली होती, की रामागडी हा शब्दच तयार झाला. माझ्या मते हे सरळ चूक आहे. पंचवीस-तीस वर्षे वागवलेले नाव कोणाच्या सोयीसाठी उतरवून ठेवायला लावणे हा अपमान आहे, मग समोरचा माणूस मुकाट्याने मान डोलावो. कामाला येणाऱ्या लक्ष्मीबाईंना ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे विचारावे आणि घरातल्या लक्ष्मीला मुलांनी तसेही आई, काकू किंवा आजीच म्हणायचे असते. सून आणि नणंद यांचा प्रश्न असेल तर दोघींना समोरासमोर बसवून विचारावे. पुष्कळदा माहेरचे एखादे लाडके नाव असतेच आणि ते वापरल्याने उलट आनंद होतो.

लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. नाव हौसेने बदलले आणि ते केवळ घरात वापरले, तर कागदांना हात लावू नये. अर्धे कागद जुन्या नावाचे आणि अर्धे नव्या नावाचे झाले, की एका घरात दोन माणसांचे एक नाव असण्याऐवजी एका माणसाची दोन नावे होतात आणि हा दुसरा गोंधळ पहिल्याहून निस्तरायला कठीण असतो.

हाकेचे नाव घडवताना पुढील पथ्ये पाळल्याचा आम्हाला उपयोग झाला.

नाव नात्यावर अवलंबून नसावे. ‘काका’ म्हटले, की बोलणारा बदलला तसा माणूस बदलतो. याउलट ‘नाना’ हे घरातल्या सगळ्यांसाठी नानाच राहतात.

मूळ नावाचे दोन वेगळे तुकडे घ्यावेत. दोन सुनंदा असतील तर एक सुनू आणि एक नंदा, दोन ज्ञानेश्वर असतील तर एक ज्ञानू आणि एक माउली. तुकडे घेताना स्वर वेगळे पडतील असे पाहावे, म्हणजे ऐकू कमी येणाऱ्या माणसालाही फरक कळतो. आमच्याकडे वडील ‘नाना’ झाले आणि मुलगा ‘विनू’.

शरीरावरून किंवा रंगावरून नाव पाडू नये. जाडी अश्विनी आणि बारीक अश्विनी ही वाटणी थट्टेत सुरू होते आणि एकीच्या मनात कायमची सलते. थोरली आणि धाकटी असा फरक करायला हरकत नाही, कारण तो नात्याच्या क्रमावरून पडतो. जावयांच्या बाबतीत गावाचे नाव लावणे सर्वांत सोपे. नाशिकचे सचिनराव आणि सांगलीचे सचिनराव यांत कोणाचाही मान कमी होत नाही.

घरात स्मृतिभ्रंशाचा आजार असलेले वडीलधारे माणूस असेल तर त्यांच्या हाकेच्या नावाला धक्का लावू नये. त्यांना नवे नाव लक्षात राहत नाही आणि लहानपणापासूनच्या नावाला मात्र ते पुष्कळ दिवस प्रतिसाद देतात. अशा वेळी नातवाने नवे हाकेचे नाव घ्यावे.

ठरलेली नावे महिनाभर चालवून पाहावीत. जे नाव महिन्यानंतरही आठवून म्हणावे लागते ते सोडून दुसरे शोधावे.

तिसरी पायरी : जनावराचे नाव

गाईचे नाव गौरी आणि मुलीचेही गौरी असले तर आपल्याकडे कोणाला राग येत नाही, उलट कौतुकच होते. कुत्र्याचे नाव मात्र शेजारच्या बंडूच्या नावाशी जुळले, की ‘बंडू, हो बाहेर!’ ही आरोळी भिंतीपलीकडे भलत्या अर्थाने पोहोचते. हा फरक न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण शेजार टिकवायचा असेल तर तो मान्य करून चालावे. म्हणून माणूस आणि कुत्रा यांच्यात नाव जुळले तर सहसा कुत्र्याचे बदलावे. कुत्र्याला नाव बदलल्याचे दुःख होत नाही. त्याच्यासाठी नाव म्हणजे ‘माझ्याकडे बघ, काहीतरी चांगले घडणार आहे’ अशी सूचना देणारा एक आवाज असतो, आणि असा दुसरा आवाज त्याला शिकवता येतो.

नवे नाव दोन अक्षरांचे आणि जुन्यापेक्षा वेगळ्या स्वरांचे असावे. राजा या नावात आ आणि आ आहेत, म्हणून आम्ही मोती हे नाव घेतले, ज्यात ओ आणि ई आहेत. नाव आपल्या रोजच्या आज्ञांसारखे ऐकू येणार नाही याचीही खात्री करावी. मराठी घरात कुत्र्याला दिवसातून पन्नास वेळा ‘नको’ म्हटले जाते, आणि त्याचे नाव कोको असले तर त्या बिचाऱ्याने काय समजावे?

शिकवण्याची रीत अशी आहे. कुत्रा भुकेला असताना, घर शांत असताना, हातात पोळीचे किंवा उकडलेल्या चिकनचे लहान तुकडे घेऊन बसावे. आधी नवे नाव उच्चारावे, लगेच जुने नाव उच्चारावे, आणि त्याने वळून पाहिले की तुकडा द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे. नवे नाव आधी आले तरच ते जुन्याची आणि खाऊची चाहूल देणारे ठरते. उलट केल्यास कुत्रा जुन्या नावालाच वळतो आणि नवे नाव त्याच्यापुरते निरर्थक राहते. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच मिनिटांपेक्षा कमी, असे चार-पाच दिवस करावे. मग नव्या नावानंतर क्षणभर थांबावे. तेवढ्यात तो वळला तर जुने नाव गाळून खाऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्यापासून जुने नाव घरात कोणीही उच्चारायचे नाही, हे सर्वांनी पाळावे. नवे नाव रागावण्यासाठी किंवा अंघोळीला ओढून नेण्यासाठी सुरुवातीला वापरू नये. आमच्या मोतीला सुमारे तीन आठवडे लागले, आणि त्यातला एक आठवडा माझ्या वडिलांच्या जुन्या सवयीमुळे वाया गेला.

मांजरांच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. मांजर नावाला ओ देत नाही म्हणून ते तिला कळत नाही असे आपण समजतो, पण जपानमधील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातली मांजरे आपले नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात असे दिसले. त्याच अभ्यासात कॅट कॅफेत, म्हणजे गिऱ्हाइके मांजरांच्या सहवासात बसतात अशा उपाहारगृहात, एकत्र राहणाऱ्या मांजरांना मात्र आपले नाव आणि सोबतच्या मांजरांची नावे यांत फरक करता आला नाही. घरात चार-पाच मांजरे असतील आणि मनी, मिनी, मन्या अशी सारखी नावे असतील, तर ती ओळखतील ही अपेक्षा सोडावी आणि प्रत्येकीचा वाडगा वेगळ्या जागी ठेवून तेथेच तिचे नाव घ्यावे.

दत्तक आणलेल्या प्राण्याचे नाव घरातल्या जुन्या प्राण्याच्या नावाशी जुळले तर नव्याचे बदलावे, आणि दोघेही वयस्क असतील तर ज्याला कमी ऐकू येते त्याचे तसेच ठेवावे. जनावराची कागदावरची ओळख केवळ नावावर सोडू नये. लसीकरणाच्या पुस्तिकेत जात, रंग, वय आणि खुणा लिहून घ्याव्यात. मायक्रोचिप बसवली असल्यास तिचा 15 अंकी क्रमांक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहावा. गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. गोठ्यात दोन गौरी असतील तर विमा, रेतन आणि औषधोपचार यांची नोंद त्या क्रमांकावरच करून घ्यावी.

चौथी पायरी : औषधे, तपासण्या आणि दवाखाना

या पायरीवर हयगय करू नये. मागे एकदा एका तपासणी केंद्राने माझ्या वडिलांच्या साखरेचा अहवाल मुलाच्या अहवालांच्या पाकिटात घालून पाठवला. चोवीस वर्षांच्या मुलाला मधुमेह झाला म्हणून घरात दोन दिवस कोणाला नीट जेवण गेले नाही. मग वयाच्या रकान्याकडे लक्ष गेले आणि तेथे 82 हा आकडा दिसला. उलट घडले असते, म्हणजे वडिलांच्या पाकिटात तरुणाचा निर्दोष अहवाल आला असता, तर आम्ही निश्चिंत होऊन बसलो असतो, आणि तेच अधिक धोक्याचे होते.

रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, असा रुग्णालयांच्या सुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आजोबा-नातवाचे संपूर्ण नाव एक असेल तर नावाला खूण म्हणून काहीच किंमत उरत नाही. म्हणून जन्मतारीख आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक या दोन खुणा घराने स्वतःहून पुढे कराव्यात. परिचारिकेने ‘विनायक गणेश का?’ असे विचारले तर नुसते ‘हो’ म्हणू नये. संपूर्ण नाव आणि जन्मतारीख आपण स्वतः उच्चारावी. रक्त काढल्यावर नळीवरची चिठ्ठी आपल्यासमोर लावायला सांगावी आणि वाचून मगच उठावे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक काढला असेल तर तोही प्रत्येकाच्या फाइलवर ठळक लिहावा.

घरातल्या औषधांसाठी दोन रंगांचे डबे घ्यावेत आणि त्यांवर मूळ नाव न लिहिता हाकेचे नाव व जन्मवर्ष लिहावे, उदाहरणार्थ ‘नाना 1943’. डबे एकाच कपाटात शेजारी ठेवू नयेत, कारण पहाटेच्या अंधारात हात रंग पाहत नाही, सवयीच्या जागेकडे जातो. औषधाच्या दुकानातही जुनी चिठ्ठी दाखवून ‘विनायकची नेहमीची द्या’ असे न सांगता वय सांगावे.

प्राण्यांची औषधे तर पूर्ण वेगळ्या खोलीत असावीत. पशुवैद्य चिठ्ठीवर अनेकदा प्राण्याचे नाव आणि मालकाचे आडनाव लिहितात, त्यामुळे आमच्या राजाची चिठ्ठी भाच्याच्या नावाची वाटावी अशी दिसत होती. माणसाचे औषध जनावराला चालेल असे गृहीत धरण्याची चूक फार महागात पडते. ताप आणि दुखणे यांवर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी प्राणघातक ठरते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला घातक असते.

पाचवी पायरी : कागदावर दोघांना वेगळे ठेवा

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत याच अडचणीवरचा उपाय आहे, आणि ती किती चांगली चालते हे पेशव्यांच्या घराण्यात दिसते. बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचे नातू बाळाजी बाजीराव, बाजीराव बल्लाळ आणि त्यांचे नातू बाजीराव रघुनाथ, माधवराव बल्लाळ आणि त्यांचे पुतणे माधवराव नारायण, अशा तीन जोड्या शंभर-सव्वाशे वर्षांत होऊनही दप्तरात गोंधळ नाही, कारण प्रत्येक जोडीत वडिलांचे नाव वेगळे आहे. बोलण्यात लोकांनी थोरले बाजीराव, सवाई माधवराव अशी नावे पाडली. आमच्या घरात ही पद्धत निकामी झाली ती माझे नाव माझ्या आजोबांचे असल्यामुळे. आपल्या घरात असे झाले आहे का, हे कागदावर चार पिढ्या लिहून एकदा तपासावे.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठेवला जातो. या पिढीतल्या नातवाचे नाव आजोबांशी तंतोतंत जुळणे त्यामुळे बरेच कमी होईल. आधी जन्मलेल्यांनी मात्र पुढील काळजी घ्यावी.

बँकेत दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक आणि ईमेल वेगळे असावेत. आजोबांना फोन जमत नाही म्हणून त्यांच्या खात्याला नातवाचा क्रमांक जोडण्याचा मोह होतो, आणि मग ओटीपी कोणत्या खात्याचा आला हे कळेनासे होते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवलेले पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार एप्रिल 2025 पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आली आहे आणि ती एरवी फार उपयोगी आहे, पण आपल्या घरात पडद्यावर दोन्ही वेळा एकच नाव दिसणार. म्हणून खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे हाकेच्या नावासह एका वहीत लिहून ठेवावेत. पॅन क्रमांकातही चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर असल्याने दोघांची ती अक्षरे सारखी असतात. उरलेली आठ स्थाने नीट वाचून मगच क्रमांक द्यावा. पतमानांकनाचा, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद दाखवणारा, अहवाल वर्षातून एकदा काढून दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढलेले नाही ना, हे पाहावे.

सह्या मुद्दाम वेगळ्या कराव्यात. वडिलांची सही मोडीच्या वळणाची आहे, म्हणून मुलाने देवनागरीत संपूर्ण नाव लिहिण्याची सही घेतली. ‘वि. ग.’ अशी आद्याक्षरे दोघांनीही वापरू नयेत.

शेतजमीन असेल तर सात-बारावर ‘विनायक गणेश’ नक्की कोण, हा प्रश्न आजोबा असतानाच सोडवावा. वारस नोंद किंवा वाटणी होताना तलाठी कार्यालयात दोघांचे वय आणि आधार कार्डाची प्रत यांसह अर्ज द्यावा आणि फेरफाराचा मजकूर मंजुरीआधी वाचावा. जुन्या उताऱ्यांवर ‘ऊर्फ’ लावून घरगुती नाव लिहिण्याची पद्धत याच कारणाने पडली असावी, असे मला वाटते. मृत्युपत्रात आणि नामनिर्देशनात नावापुढे नाते आणि जन्मतारीख दोन्ही लिहावीत, कारण ‘माझा नातू विनायक’ एवढे पुरेसे असले तरी ‘विनायक गणेश यांस’ एवढे लिहिणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे.

पार्सलांसाठी पत्त्यात नावापुढे हाकेचे नाव लिहावे. फोनच्या यादीत ‘विनायक’ अशी नोंद ठेवूच नये, ‘नाना घर’ आणि ‘विनू’ अशा नोंदी कराव्यात, कारण नातेवाइकाने घाईत आजोबांना पाठवलेला निरोप नातवाच्या मित्रमंडळाच्या गटात पोहोचल्याचे आम्ही अनुभवले आहे.

सहावी पायरी : बाळ यायचे असेल तर

आजोबांचे नाव चालू ठेवायचे आहे आणि गोंधळही नको असेल, तर चार वाटा आहेत. आजोबांचे नाव पाळण्यातले नाव म्हणून ठेवावे आणि दाखल्यावर दुसरे द्यावे. त्याच दैवताचे दुसरे नाव घ्यावे, जसे विनायकाच्या नातवाला हेरंब. आजोबांचे नाव थोरल्या नातवाऐवजी मुलीच्या मुलाला द्यावे, म्हणजे वडिलांचे नाव आणि आडनाव आपोआप बदलते. किंवा पणजोबांच्या नावाकडे जावे.

घाई करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नोंदवता येते. शाळेचा प्रवेश आणि आधार यांसाठी ते लवकर लागते एवढे खरे. बारशाला आत्याने कानात काय सांगितले आणि दाखल्यावर काय लिहिले हे एकच असलेच पाहिजे असा नियम नाही, म्हणून आत्याबाईंची हौस आणि दाखल्याची सोय दोन्ही साधता येतात.

सातवी पायरी : दोघांपैकी एक गेल्यानंतर

हा विषय काढणे नको वाटते, पण एकनामी घरात सर्वांत मोठी चूक येथेच होते. आजोबांच्या मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत, शिधापत्रिकेसाठी, मतदार यादीसाठी किंवा निवृत्तिवेतन कार्यालयात जाताना दाखल्यावर त्यांचे वय आणि मृत्यूसमयीचा पत्ता बरोबर आहे ना, हे पाहावे. प्रत्येक अर्जात खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहावा आणि ‘याच नावाचा नातू हयात असून त्याचा क्रमांक अमुक आहे, त्याची नोंद कायम ठेवावी’ असे एक वाक्य स्पष्ट घालावे. पोच घेतल्यावर महिन्याभराने नातवाची सर्व खाती चालू आहेत का, मतदार यादीत त्याचे नाव आहे का, हे स्वतः तपासावे. गठ्ठ्याने नोंदी होतात तेव्हा केवळ नाव पाहून जिवंत माणसाचे नाव वगळले जाण्याची शक्यता राहते.

वहीतले हाकेचे नाव मात्र लगेच बदलू नये. माझ्या आजोबांना जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली, तरी गावी मला अजून कोणी नुसते गणेश म्हणत नाही. पारावरची म्हातारी माणसे ‘धाकटे गणेश आले’ असेच सांगतात, आणि तलाठी कार्यालयातला शिपाईही त्याच नावाने फाइल शोधतो.